मेरा राशन ॲप आणि महाईपॉस वेबसाइट: कार्डावर किती धान्य आलं, किती उरलं ते घरबसल्या कळतं का?

आधीच सांगते, कळतं. आणि नीट कळतं. ज्यांचं कार्ड पिवळं आहे किंवा केशरी असून त्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे त्यांनी हे दोन्ही एकदा तरी उघडून बघाच, कारण "या महिन्यात तुमचं एवढंच आलंय" असं दुकानात ऐकून गुपचूप पिशवी उचलून निघणाऱ्या बायका मी ठाण्यात कळवा-विटाव्यात कायम बघते आणि त्यातल्या बऱ्याच जणींना आपल्या कार्डावर नक्की किती बसतं हेच माहीत नसतं. मग भांडणार तरी कशावर?

आम्ही विटाव्याला राहतो, घरात पाच माणसं, कार्ड केशरी, प्राधान्य कुटुंब. म्हणजे माणशी ५ किलो, एकूण २५ किलो महिन्याला, त्यात आमच्याकडे बहुतेक वेळा १० किलो गहू आणि १५ किलो तांदूळ येतो. हे प्रमाण सरकार बदलतं हं, मध्ये काही ठिकाणी गव्हाच्या जागी ज्वारी पण दिली होती, पण माणशी ५ किलो हा आकडा बदलत नाही, तो २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातला आहे आणि आपल्या महाराष्ट्रात तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू आहे. अंत्योदयवाल्यांचं, म्हणजे सगळ्यात गरीब घरांचं, वेगळं, त्यांना घरात दोन माणसं असोत की दहा, कार्डाला ३५ किलो ठरलेलं. इथेच पुष्कळ जणांचा गोंधळ होतो. आमच्या गल्लीत एका घरात आठ माणसं आणि कार्ड अंत्योदय, त्यांना वाटायचं दुकानदार ५ किलो मारतो कारण समोरच्या घरात पण आठच माणसं आणि त्यांना ४० मिळतं. तसं नव्हतं, समोरचे प्राधान्यवाले. ॲपमध्ये योजनेचं नाव बघितलं आणि दोन मिनिटांत विषय मिटला, नाहीतर त्या दुकानदाराला फुकट शिव्या बसत होत्या.

आता ॲपबद्दल. मेरा राशन नावाचं ॲप केंद्र सरकारचं आहे, मार्च २०२१ मध्ये आलं आणि २०२४ मध्ये त्याचं २.० आलं. आता वापरायचं ते २.० च. प्ले स्टोअरवर अशाच नावाची भलतीच ॲप खूप आहेत, रेशन कार्ड लिस्ट, रेशन चेक, अमुक तमुक, ज्यात उघडल्या उघडल्या जाहिराती नाचतात, ती घेऊ नका, खाली सरकारी खात्याचं नाव आहे का ते बघूनच घ्या. भाषा मराठी करता येते. पहिल्यांदा उघडलं की आधार नंबर मागतं, आधारला जो मोबाइल जोडलाय त्यावर ओटीपी येतो, तो टाकला की एक छोटा पिन बनवायचा आणि मग पुढच्या वेळी नुसत्या पिनवर उघडतं. घरातल्या ज्याचं नाव कार्डावर आहे अशा कोणाचंही आधार चालतं, कुटुंबप्रमुख बाईचंच पाहिजे असं काही नाही, माझ्याकडे सासूबाईंच्या नावावर कार्ड आहे आणि मी माझ्या आधारने आत जाते.

आत गेलं की चौकोन चौकोन दिसतात. त्यातले माझ्या कामाचे तीन. एक फॅमिली डिटेल्सचा, त्यात कार्डावरच्या प्रत्येक माणसाचं नाव आणि त्याचं आधार जोडलंय का, ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, झालंय का ते दिसतं. दुसरा एन्टायटलमेंटचा, म्हणजे या महिन्यात तुमच्या कार्डाला काय काय आणि किती मंजूर आहे. तिसरा सेल रिसीटचा, यात तुम्ही काय उचललं त्याच्या पावत्या. बाकी जवळची दुकानं, तक्रार, कार्ड दुसरीकडे बदलून घेणं, कार्ड परत करणं असं पण आहे पण रोजच्या माणसाला हे तीन पुरतात. मंजूर किती ते एका ठिकाणी आणि उचललं किती ते दुसऱ्या ठिकाणी, आणि वजाबाकी आपणच करायची. मला विचाराल तर ही वजाबाकी ॲपने स्वतः करून पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात दाखवायला पाहिजे, "गहू १० पैकी ४ बाकी, तांदूळ १५ पैकी १५ बाकी" असं. लोक ॲप उघडतात ते फक्त तेवढ्यासाठीच, आणि तेच शोधायला आत दोन-तीन ठिकाणी जावं लागतं. ज्या बाईला फोनवर फक्त हिरवं-लाल बटण कळतं तिने काय करायचं?

तरीही मी या ॲपला चांगलंच म्हणेन, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे आमच्या सासूबाई. त्या पावसाळ्यात आणि सणाला गावी जातात, आमचं गाव साताऱ्याकडे जावळीत, आणि एकदा गेल्या की महिना-दोन महिने तिकडेच. आधी काय व्हायचं, त्या तिकडे असल्या की त्यांना तिथलं रेशन मिळायचं नाही कारण कार्ड इथलं, आणि आम्ही इथून पिशवी भरून एसटीत चढवायचो. आता एक देश एक रेशन कार्ड झाल्यापासून त्यांनी गावच्या दुकानात जाऊन कार्डाचा १२ अंकी नंबर सांगितला, अंगठा लावला की तिथे मिळतं. आणि सगळंच्या सगळं घ्यायला पाहिजे असंही नाही, थोडं तिकडे घेतलं, बाकीचं इथे आम्ही घेतलं असं चालतं. ही सोय २०१९ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा सुरू झाली ना तेव्हा ज्या चार राज्यांत झाली त्यात आपलं महाराष्ट्र आणि गुजरातची जोडी होती, दुसरी जोडी आंध्र आणि तेलंगणाची, आणि २०२२ च्या जूनपर्यंत आसाम धरून सगळा देश झाला. आमच्या इथे बिहार, युपीची जी पोरं ऐरोली-रबाळ्याच्या कंपन्यांत काम करतात, दिघ्याला खोल्या घेऊन राहतात, त्यांना पण हे लागू आहे, घरी आईने निम्मं उचललं तर बाकीचं निम्मं इथे.

पण हे निम्मं-निम्मं करायचं तर बाकी किती आहे हे दोन्हीकडच्यांना कळलं पाहिजे ना. तिथेच हे ॲप उपयोगी पडतं. सासूबाईंनी गावी गहू उचलला की थोड्या वेळाने माझ्या फोनवर पावती दिसते, किती किलो, कोणत्या दुकानातून, कोणत्या तारखेला. मग मी आमच्या इथल्या दुकानात जाताना आकडा डोक्यात घेऊन जाते. एकदा त्यांनी फोनवर सांगितलं की मी काहीच घेतलं नाही, दुकान बंद होतं, आणि इथे दुकानदार म्हणतोय तुमचा गहू उचललेला दिसतोय. पूर्वी असं झालं असतं तर घरात संशय आणि दुकानात वादावादी. ॲप उघडलं तर कळलं की गावी पुतण्या गेला होता, त्याचं पण नाव कार्डावर आहे, त्याने घेतला आणि आजीला सांगायला विसरला. संपलं. सासूबाई आता स्वतःच विचारतात, "मोबाइलात बघ गं, माझं किती राहिलंय."

आता जे खटकतं ते. सगळा खेळ आधारच्या मोबाइल नंबरवर आहे. तो नंबर बंद पडला असेल, बदलला असेल, मुलाच्या नावाचा असेल आणि मुलगा दुबईला असेल, तर तुम्ही ॲपच्या दारातच उभे. आणि रेशनवर ज्यांचं घर चालतं त्यांचे नंबर सगळ्यात जास्त बदलतात, रिचार्ज संपला की सिम बंद पडतं, मग स्टेशनबाहेर छत्री लावून बसलेल्या पोराकडून नवीन सिम, हे आपण सगळे बघतो. आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या म्हणणं सोपं आहे पण त्याला अर्धा दिवस जातो आणि ज्या बाईला खाडा पडला की पैसे कापतात तिला अर्धा दिवस म्हणजे काय ते तिलाच विचारा. यासाठी ॲपला माझ्याकडून कमी मार्क.

म्हणूनच मी महाईपॉसची वेबसाइट जास्त लोकांना सांगते. महाईपॉस डॉट गव्ह डॉट इन, ही आपल्या राज्याची. हिला आधार नको, ओटीपी नको, पासवर्ड नको. आरसी डिटेल्स म्हणून एक जागा आहे तिथे जायचं, महिना निवडायचा, वर्ष निवडायचं आणि कार्डाचा १२ अंकी नंबर टाकायचा. त्याला एसआरसी नंबर म्हणतात. हा कार्डाच्या पुस्तिकेवरचा जुना छापील नंबर नव्हे बरं का, हा ऑनलाइन झाल्यावर मिळालेला नंबर, बऱ्याच जणांच्या कार्डावर दुकानदाराने किंवा रेशनिंग ऑफिसने पेनाने लिहून दिलेला असतो, नसेल तर मशीनच्या जुन्या पावतीवर मिळेल. मी तर आमच्या ओळखीतल्या सगळ्यांना सांगितलंय की तो नंबर कार्डाच्या आतल्या पानावर मार्करने मोठा लिहून ठेवा आणि फोनमध्ये स्वतःच्याच नावाने सेव्ह करून ठेवा, १२ आकडेच तर आहेत. नंबर टाकला की वर घरातल्यांची नावं, मग या महिन्याला मंजूर किती आणि त्याखाली उचललं किती, सगळं एका पानावर. दिसायला साइट जुनाट आहे, अक्षरं बारीक, मोबाइलवर बोटांनी मोठं करून सरकवत सरकवत बघावं लागतं आणि इंग्रजी जास्त आहे. पण काम करते आणि जे बघायचं ते एका पानावर दाखवते, म्हणून माझ्या मते ॲपपेक्षा ही वरचढ.

हिचा खरा उपयोग काय ते घणसोलीच्या काकूंमुळे कळलं. माझी मोठी बहीण घणसोलीला राहते, तिच्या शेजारी या काकू, धुणीभांडी करतात सकाळपासून दुपारपर्यंत. त्यांच्या बोटांवर रेषाच राहिलेल्या नाहीत, साबणाने आणि राखेने घासून घासून गुळगुळीत झालीत, मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा, मग तर्जनी, मग दुसऱ्या हाताचा अंगठा, मग पदराला पुसून परत पहिला, मागे रांग चिडलेली, आणि त्या बिचाऱ्या सगळ्यांना सॉरी सॉरी म्हणत उभ्या. एकदाचं मशीन वाजलं की त्या सुटल्यासारख्या पिशवी घेऊन निघायच्या, पावती बिवती बघायचं भानच राहत नाही. घरात पाच नावं, आणि त्यांना २० किलो मिळत होतं. दुकानदार म्हणायचा नातवाचं केवायसी नाही म्हणून त्याचं नाव बंद झालंय. पावती मागितली तर रोल संपलाय. हे असं बरेच महिने चाललं होतं.

बहिणीकडे गेले होते तेव्हा काकूंचं कार्ड मागितलं, नंबर टाकला आणि बघितलं तर मंजूर २५ किलो, पाच नावं, आणि उचललेलं पण २५ किलो. म्हणजे मशीनवर पूर्ण २५ चढलेलं, शिल्लक शून्य, आणि पिशवीत २०. मागचा महिना बघितला, तिथेही तेच. त्याच्या मागचा, तेच. काकूंच्या मुलाच्या फोनवर ॲप उघडलं तर नातवाचं ई-केवायसी पण झालेलं दिसत होतं. काकू त्या पानाकडे बघतच राहिल्या, त्यांना वाचता येत नाही पण आकडे कळतात, बोट ठेवून म्हणाल्या "हे पंचवीस आहे ना?" मग आम्ही तिघी दुकानात गेलो. आवाज न चढवता फोन पुढे केला आणि विचारलं की हे ५ किलो कुठंय. त्या माणसाने एकदा फोनकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि काही न बोलता ५ किलो तांदूळ मापून दिला. मागच्या महिन्यांचं मिळालं नाही ते नाहीच. पण त्या दिवसापासून काकूंना २५ मिळतंय आणि पावती न मागता हातात येतेय, रोल पण संपत नाही.

सगळेच दुकानदार असे नसतात हे पण लिहिलं पाहिजे. आमचा विटाव्याचा दुकानदार चांगला आहे, मशीन चालत नसेल तर फोन करून सांगतो की आज येऊ नका, म्हाताऱ्या माणसांना खुर्ची देतो, अंगठा नाही लागला तर डोळ्यांचा स्कॅनर लावून बघतो. त्यांनाही किलोमागे ठरलेलं कमिशन मिळतं त्यात भाडं, पोऱ्याचा पगार, लाइट बिल. पण हिशेब दिसला की चांगल्या दुकानदाराचाही फायदाच आहे, त्याच्यावर कोणी उगाच आळ घेत नाही.

पावतीबद्दल एक सांगायचंय. ती घ्याच, आणि घरी येऊन लगेच तिचा फोटो काढा कारण त्या कागदावरची शाई टिकत नाही, महिन्याभरात पांढरी पडते. पावतीवर रकमेच्या जागी शून्य पाहिजे. २०२३ च्या जानेवारीपासून प्राधान्य आणि अंत्योदय दोघांनाही धान्य मोफत आहे, त्याच्या आधी गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो होता. २०२४ च्या जानेवारीपासून हे मोफत धान्य पुढे पाच वर्षांसाठी वाढवलंय. तरी काही ठिकाणी हमालीचे दहा, पिशवीचे पाच असं मागतात, ते द्यायचं काही कारण नाही. अंत्योदयवाल्यांना साखर येते तिचे मात्र पैसे लागतात, किलोला २० रुपये. आणि दिवाळी-गणपतीला जो आनंदाचा शिधा १०० रुपयांत मिळाला होता तो या महिन्याच्या हिशेबात धरू नका, तो वेगळा विषय, २०२२ च्या दिवाळीला पहिल्यांदा आला होता आणि कायमचा नव्हताच.

अजूनही एक प्रश्न मला सारखा विचारतात की कोविडमध्ये दोनदा धान्य मिळायचं ते दुसरं कुठं गेलं, दुकानदार खातो का. नाही. एप्रिल २०२० ते डिसेंबर २०२२ या काळात, मधले काही महिने सोडून, नेहमीच्या ५ किलोवर आणखी माणशी ५ किलो फुकट मिळायचं, ते डिसेंबर २०२२ ला बंद झालं आणि त्याच्या बदल्यात नेहमीचं ५ किलो फुकट झालं. त्यामुळे वेबसाइटवर माणशी ५ च दिसेल, १० नाही. २०२५ च्या पावसाळ्याआधी जून, जुलै, ऑगस्ट असं तीन महिन्यांचं धान्य एकदम द्यायचं ठरलं होतं तेव्हाही असाच घोळ झाला, जुलैत लोक रिकाम्या पिशव्या घेऊन दुकानात आणि कार्डावर काहीच नाही, कारण ते आधीच उचललेलं. अशा वेळी महिना बदलून बदलून तिन्ही महिने बघायचे म्हणजे कोणत्या महिन्याचं कधी घेतलं ते कळतं.

ज्यांना साइटवर मंजूर धान्य काहीच दिसत नाही त्यांनी आधी योजनेचं नाव वाचा. पीएचएच म्हणजे प्राधान्य, एएवाय म्हणजे अंत्योदय. एनपीएच, म्हणजे प्राधान्यात नसलेलं, असेल तर तुमचं कार्ड केशरी असूनही धान्याच्या यादीत नाही. शहरात वर्षाचं उत्पन्न ५९,००० पर्यंत ही प्राधान्यची अट आहे, ठाणे-नवी मुंबईत एवढ्यात कोणाचं घर चालतं हा प्रश्न मला कायम पडतो, घरकाम करणाऱ्या बाईचं आणि तिच्या नाक्यावरच्या नवऱ्याचं मिळून तरी त्याच्या वर जातं, पण आकडा तोच आहे. शिवाय अट बसली तरी यादीत जागा झाल्याशिवाय नाव चढत नाही. पांढऱ्या कार्डावर तर धान्य नाहीच.

आणि पीएचएच असून नाव गायब असेल तर बहुतेक वेळा ई-केवायसी. ते आता घरबसल्या पण होतं, मेरा ई-केवायसी नावाचं वेगळं ॲप आहे आणि त्याच्यासोबत आधार फेस आरडी हे आणखी एक ॲप टाकावं लागतं, चेहरा दाखवायचा, डोळे मिचकवायचे, झालं. उजेडात बसून करा, ट्यूबलाइटच्या खाली चेहरा काळा येतो आणि घेत नाही. काकूंसारख्या ज्यांची बोटं लागत नाहीत त्यांच्यासाठी हे सगळ्यात भारी, बाकी कशापेक्षा मी याला जास्त मार्क देईन. पाच वर्षांखालच्या मुलांना सध्या केवायसीची सक्ती नाही. दुसरं म्हणजे २०२५ च्या जुलैमधल्या केंद्राच्या नव्या नियमाप्रमाणे सलग सहा महिने धान्यच उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं बंद होऊन परत चौकशी लागते, तेव्हा गावी लांब राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवून जिथे असाल तिथे थोडं तरी उचला.

तक्रारीचं सांगते. १९६७ हा नंबर आहे, आणि राज्याचा १८००-२२-४९५०, दोन्ही फुकट. फोन करताना १२ अंकी नंबर, दुकानाचा नंबर आणि साइटवर दिसलेलं मंजूर-उचललेलं समोर ठेवा, नुसतं "आम्हाला कमी मिळतं" म्हटलं की पलीकडचा माणूस पण काय लिहून घेणार. आपल्या ठाणे-नवी मुंबईत हे तहसीलदाराकडे नसतं, मुंबईसारखंच रेशनिंग ऑफिसकडे असतं, शिधावाटप अधिकारी, तेव्हा पहिल्यापासून तिथेच जा, म्हणजे चुकीच्या ऑफिसात दिवस जाणार नाही. आणि दुकानात भाव, शिल्लक साठा लिहिलेला फळा आणि तक्रार पुस्तक असलंच पाहिजे, ते मागायला घाबरू नका.

मला या सगळ्यात एक गोष्ट मनापासून पाहिजे. अमेरिकेत गरिबांना धान्य-भाजीसाठी सरकार जे कार्ड देतं, स्नॅपचं, त्याच्या पाठीमागे फुकट फोन नंबर छापलेला असतो, कार्डाचा नंबर दाबला की पलीकडून मशीनच सांगतं किती पैसे शिल्लक आहेत, आणि दुकानाच्या पावतीच्या शेवटी पण शिल्लक छापून येते. त्यांचं कार्ड पैशाचं आहे, आपलं किलोचं, पण सोय तीच लागते. आपल्याकडे साध्या बटणांच्या फोनवरून १२ आकडे दाबल्यावर मराठीत "तुमचा गहू दहा किलो, तांदूळ पंधरा किलो बाकी" एवढं ऐकू आलं तर घणसोलीच्या काकूंना माझी किंवा माझ्या बहिणीची वाट बघावी लागणार नाही. डेटा आहे, साइट आहे, मशीन आहे, फक्त आवाज द्यायचाय. खात्यातल्या कोणी हे वाचत असेल तर कृपया एवढं करा.

शेवटचं, सायबर कॅफेत हे बघून द्यायचे ३०-५० रुपये घेतात, ते देऊ नका, घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला सांगा, तो करून देईल. "तुमच्या रेशन कार्डाची शिल्लक तपासा" असे लिंक व्हॉट्सॲपवर फिरतात, ते उघडू नका. आणि आधारचा ओटीपी फोनवर कोणी मागितला, मग तो स्वतःला रेशनिंग ऑफिसचा म्हणवू दे नाहीतर बँकेचा, सरळ फोन ठेवून द्या, शिल्लक बघायला कोणाला काही सांगावं लागत नाही.